सुमात्राचा गेंडा: धरून आणावा, की रानात राहू द्यावा?

ओहायोकर (सोम, २२ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:४०)

आज जागतिक गेंडा दिवस. सकाळपासून फोनवर काझीरंगाचे फोटो येऊन पडताहेत. धुकं, गवत, चिलखत घातल्यासारखा एकशिंगी. छानच असतात. पण मला दर वर्षी या दिवशी एक वेगळाच गेंडा आठवतो. अंगावर तांबूस केस, दोन बुटकी शिंगं, आणि उंचीला आपल्या म्हशीएवढाही नाही.

२०१२ ते २०१७ आम्ही अमेरिकेत सिनसिनाटीला होतो. तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा वार्षिक पास काढला होता, कारण मुलगा चार वर्षांचा आणि हिवाळ्यात त्याला कुठे न्यायचं हा यक्षप्रश्न. तिथे सुमात्रन गेंड्यांची भावंडं होती. सुची नावाची बहीण आणि तिचा धाकटा भाऊ हारापान. हारापान म्हणजे इंडोनेशियन भाषेत आशा. हा गेंडा आवाज करतो, आणि तो आवाज गेंड्याच्या तोंडून येतोय हे पहिल्यांदा पटतच नाही. आधी बारीक शिट्टी, मग लांबट हेल, मग फुस्स. मुलगा म्हणायचा, "आई, तो गाणं म्हणतोय." नंतर वाचलं की अभ्यासकांनीही या आवाजाची तुलना देवमाशाच्या गाण्याशी केली आहे.

मार्च २०१४ मध्ये सुची गेली. शरीरात लोह साठत जाण्याचा आजार. त्या दिवसापासून अख्ख्या पश्चिम गोलार्धात या जातीचा हारापान एकटा उरला. २०१५ च्या शरद ऋतूत त्यालाही त्याच्या आईबापांच्या बेटावर, इंडोनेशियातल्या सुमात्राला, पाठवलं. निरोपाला बरीच गर्दी झाली होती, आम्हीही गेलो होतो.

आता प्रश्नाकडे येते. २०२२ चा अंदाज असा की जगात सुमात्रन गेंडे ३४ ते ४७ उरलेत. आमच्या सोसायटीच्या एका विंगेत याहून जास्त माणसं राहतात. आणि हे ३४-४७ सुद्धा एका जागी नाहीत. सुमात्राच्या उत्तरेला गुनुंग लेउसर, दक्षिणेला वाय कांबास, शिवाय बोर्निओत एखाददुसरा. रानात नर-मादीची गाठच पडत नाही.

१९८४ साली सिंगापूरला बैठक भरली आणि ठरलं की एकेकटे पडलेले गेंडे धरून आणायचे आणि पैदास करायची. १९९६ पर्यंत ४० धरले. नव्वदीचं दशक संपेपर्यंत त्यांतून एकही पिल्लू जन्मलं नाही, आणि धरलेल्यांपैकी बरेच मेले. त्यामुळे "धरणं म्हणजे मारणं" असं एक मत पक्कं झालं. पुढची वीस वर्षं जवळजवळ कोणी धरायचं नावच काढलं नाही, आणि त्या वीस वर्षांत रानातलेही संपत आले.

तुम्हाला काय वाटतं? माझं मत माझ्यापुरतं पक्कं आहे, पण आधी तुमचं ऐकते.

---

लालबाग लोकल (२२ सप्टेंबर, ८:१५)

लेख आवडला, पण गोंधळ झाला. पेपरात तर वाचलं होतं की गेंडे वाढले. मग नामशेष होणारे हे कोणते?

(अवांतर: लहानपणी राणीच्या बागेत एकच गेंडा असायचा. आम्ही पोरं कुंपणाशी उभे राहून त्याने हलावं म्हणून अर्धा अर्धा तास थांबायचो. तो काही हलायचा नाही.)

---

जोरहाटी चहा (२२ सप्टेंबर, ९:०२)

@लालबाग लोकल, तुमचंही बरोबर आणि त्यांचंही.

जगात गेंड्याच्या पाच जाती. आपला एकशिंगी आणि आफ्रिकेतला पांढरा त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीत. 'अतिसंकटग्रस्त' यादीत तीन: आफ्रिकेतला काळा, जावाचा आणि सुमात्राचा. या तिघांतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळा गेंडा १९७० च्या सुमारास पासष्ट हजारांच्या वर होता, १९९५ ला २,४१० वर आला, आता ६,७८८. म्हणजे तो आजारी आहे, पण उठून बसलाय. जावाचा सुमारे ५०, तेही एकाच अभयारण्यात. सुमात्राचं वर आलंच आहे.

मी वीस वर्षं आसामात चहाच्या मळ्यावर काढली. काझीरंगा आमच्या अंगणात म्हणा ना. तिथला आकडा २०२२ च्या गणनेत २,६१३. हे आपोआप नाही झालं. २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षं फार वाईट होती, आसामात दर वर्षी २७ गेंडे शिंगासाठी मारले. २०२२ ला एकही नाही. १९७७ नंतर पहिल्यांदाच असं झालं. मधल्या काळात काय झालं ते विचाराल तर: माणसं वाढवली, चौक्या वाढवल्या, नाव घेऊन टोळ्या पकडल्या. आणि २२ सप्टेंबर २०२१ ला, म्हणजे आजच्याच तारखेला, बोकाखातला २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली. सरकारी तिजोरीत पडून होती ती. "शिंगाला किंमत शून्य" हे सांगायची ती रीत. मला त्या वेळी नाटक वाटलं होतं. आता वाटत नाही.

पूर आला की गेंडे महामार्ग ओलांडून कार्बीच्या टेकड्यांकडे जातात. त्या रात्री गाड्यांचा वेग कमी ठेवायला माणसं रस्त्यावर उभी असतात. पावसात, छत्री घेऊन. ते दृश्य विसरता येत नाही.

---

रोखठोक (२२ सप्टेंबर, ९:४८)

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

चाळीस जनावरं उरली म्हणजे जात गेलेलीच आहे, फक्त तेरावं राहिलंय. डॉक्टरसुद्धा युद्धात आधी कोणाला उचलायचं ते ठरवतात. तोच पैसा काळ्या गेंड्यावर लावा. नामिबियात गावांनी स्वतःच्या जमिनींवर राखीव क्षेत्रं केली, गावातलेच लोक माग काढतात, पर्यटनाचे पैसे गावात येतात, गेंडे वाढले. तिथे रुपया टाकला तर रुपया उगवतो. सुमात्रात एका एका गेंड्यामागे डॉक्टर, दाई, सोनोग्राफी. कशासाठी? "आम्ही प्रयत्न केला" हे म्हणता यावं म्हणून?

आणि शिंगाचा धंदा बंदीने थांबत नाही हेही एकदा मान्य करा. शिंग म्हणजे नख-केसांचंच द्रव्य, केराटिन. कापलं की परत येतं. मग शेती करा, विका, भाव पडू दे.

---

बिबट्या९८ (२२ सप्टेंबर, १०:१०)

@रोखठोक, तेराव्याची उपमा भारी आहे, पण मयत अजून श्वास घेतंय राव.

शिंग कापण्याबद्दल: याच वर्षी जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्याच्या परिसरातल्या अकरा राखीव क्षेत्रांचा अभ्यास आलाय. २०१७ ते २०२३ ची आकडेवारी. शिंगं उतरवल्यावर शिकार ७८ टक्क्यांनी घटली आणि खर्च एकूण बजेटच्या १.२ टक्के. तेव्हा कापण्याला माझा विरोध नाही. पण 'कापा' आणि 'विका' या दोन गोष्टी वेगळ्या. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली १३ गेंडे मारले गेले होते, २०१४ ला १,२१५. सात वर्षांत. मागणी एकदा पेटली की कुठपर्यंत जाते ते यावरून बघा. ज्या जातीचे चाळीस उरलेत तिच्या नशिबात 'भाव पडेपर्यंत थांबा' हे नाही बसत.

आणि सुमात्रन गेंड्याचं शिंग मुळात वीतभर. त्याला मारायला शिकारी लागतोच असं नाही. हरणासाठी लावलेला फास पुरतो. बोर्निओत २०१६ साली नाजाक नावाची मादी धरली, कारण तिथे ती एकटी पडली होती. तिच्या पायात आधीपासून फास रुतलेला. महिन्याभरात गेली. सुमात्रात चार-चार जणांची गस्तपथकं १९९५ पासून रान पिंजतात, त्यांचं बरंचसं काम म्हणजे फास शोधून उपटणं.

---

शब्दवेल्हाळ (२२ सप्टेंबर, १०:५५)

शिंगाला भाव फक्त चीन-व्हिएतनामने दिला असं नाही हो. आपल्याच घरात शोधा.

संस्कृतात गेंड्याला खड्ग म्हणतात आणि श्राद्धाच्या ग्रंथांत खड्गपात्र, म्हणजे गेंड्याच्या शिंगाचं भांडं, तर्पणाला उत्तम सांगितलंय. जुन्या घराण्यांत गेंड्याच्या कातड्याच्या ढाली असत, आजही संग्रहालयांत दिसतात. आपल्या भाषेत मात्र गेंडा उरला तो "गेंड्याच्या कातडीचा" म्हणून, पुढाऱ्यांना शिव्या द्यायला. बिचाऱ्या सुमात्रनची कातडी तर त्यातल्या त्यात पातळ आणि केसाळ.

आणि एक: दायमाबादला, म्हणजे नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी, १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. गेंडा चाकांच्या गाड्यावर उभा. ज्याने तो ओतला त्याने गेंडा नीट पाहिलेला होता हे अंगावरच्या घड्यांवरून कळतं. तेव्हा हा प्राणी म्हणजे कुठल्या तरी दूरच्या बेटावरची भानगड नाही.

---

गोठ्यातला डॉक्टर (२२ सप्टेंबर, दुपारी १:३०)

मी गाई-म्हशींचा डॉक्टर, फलटणकडचा. गेंडा जवळून पाहिलेला नाही. पण मूळ लेखातलं "एकही पिल्लू जन्मलं नाही" हे वाक्य जेवताना घशात अडकलं, कारण आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. म्हणून दुपारी बसून जमेल तेवढं वाचलं.

आमच्याकडे शेतकरी येतो, "डॉक्टर, गाय उलटतेय." म्हणजे भरवली तरी गाभण राहत नाही. पहिला प्रश्न: खायला काय घालता? दुसरा: माज बरोबर ओळखता का? गेंड्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न दहा-बारा वर्षं चुकलेले होते.

आधी खाणं. अमेरिकेला सात गेंडे पाठवले आणि त्यांना इतर गेंड्यांसारखी वाळली वैरण घातली. हा प्राणी रानात झाडपाल्यावर जगणारा, शेकडो जातींची पानं खातो. सातातले तीनच उरले. सिनसिनाटीचा इपुह नावाचा नर तर मरायला टेकला होता. कोणीतरी त्याला फायकसची पानं घातली आणि तो उठला. फायकस म्हणजे आपलं वड-उंबर-नांदरुकीचं कूळ. पुढे ती पानं कॅलिफोर्नियातून विमानाने येत. ज्याला आमची म्हातारी मंडळी "जनावर पाल्यावर घे" म्हणतात तेच.

आता माज. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते, बीज आपोआप सुटतं, तुम्ही फक्त वेळ साधायची. सिनसिनाटीच्या डॉ. टेरी रॉथ यांनी रोज सोनोग्राफी करून शोधलं की या मादीचं बीज आपोआप सुटतच नाही. नर आला, मीलन झालं, की मग सुटतं. मांजर, ससा, उंटीण यांच्यासारखं. म्हणजे नर लांब ठेवून "माजावर येईल तेव्हा सोडू" म्हणत बसलात तर ती वेळ कधी येणारच नाही! आणि ही जात एकांडी. चुकीच्या दिवशी नर-मादी एकत्र सोडली तर मारामारी. तेव्हा नेमका कोणता दिवस, हे कळणं म्हणजे निम्मी लढाई.

तरी एमी नावाच्या त्या मादीने पाच वेळा गाभ टाकला. सहाव्या वेळी तिला गर्भ टिकवायचं संप्रेरक चालू ठेवलं. आम्ही गाभ टाकणाऱ्या जनावराला देतो त्याच जातीचं. १३ सप्टेंबर २००१ ला अंदालास जन्मला.

तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मादी बरीच वर्षं भाकड राहिली की तिच्या गर्भाशयात गाठी होतात. म्हणजे रानात नर न भेटता दहा वर्षं गेली की ती जिवंत असते, आकड्यात मोजली जाते, पण पैदाशीला बाद होत चाललेली असते. त्या ३४-४७ मध्ये अशा किती, हे आकडा सांगत नाही. "थांबून बघू" म्हणणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं.

---

ओहायोकर (२२ सप्टेंबर, दुपारी २:०५)

@गोठ्यातला डॉक्टर, काका, दंडवत घ्या. मी तीन वर्षं त्या कुंपणाशी उभी राहिले आणि मला हे कोणी असं समजावलं नव्हतं. अंदालास हा हारापानचाच थोरला भाऊ. सुची मधली.

तुमचा तिसरा मुद्दा म्हणजेच मलेशियाची गोष्ट. टाम नावाचा नर २००८ साली तेलताडाच्या मळ्यात भटकताना सापडला. पुंतुंग ही मादी, लहानपणी फासात पाऊल गमावलेली. तिच्या गर्भाशयात गाठी. २०१४ ला इमान सापडली, तिच्याही गर्भाशयात मोठ्या गाठी. तीन जनावरं आणि पिल्लू होण्याची शक्यता जवळजवळ नाही. मग निदान शेजारच्या इंडोनेशियातल्या नराचं वीर्य आणू, आमच्या माद्यांची बीजं काढून गर्भ तयार करू, म्हणून दोन्ही देशांत बोलणी चालू झाली. बोलणी चालूच राहिली. पुंतुंग २०१७ ला गेली, टाम मे २०१९ ला, इमान त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला. मलेशियातला सुमात्रन गेंडा संपला.

मलय भाषेतही इमान म्हणजे इमानच, श्रद्धा. हे नाव मला मराठीत वाचताना फार लागतं.

---

मांडवीकाठ (२२ सप्टेंबर, दुपारी ४:२०)

गोंयकाराने गेंड्याच्या धाग्यावर तोंड उघडायचं नाही असं थोडंच आहे?

१५१५ सालच्या जानेवारीत एक गेंडा गोव्याहून जहाजात चढला. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेली भेट, आल्बुकर्कने ती पोर्तुगालच्या राजाला पाठवली. लिस्बनला त्याला 'गंडा' म्हणत, म्हणजे आपलाच शब्द. मे महिन्यात पोचला. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो कधीच पाहिला नाही, पण कोणाच्या तरी पत्रातल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून छापचित्र केलं, आणि पुढची तीनेकशे वर्षं युरोपने गेंडा म्हणून तेच मानलं. पाठीवर नसलेलं छोटं शिंग सुद्धा.

शेवट नंतर सांगतो, पणजीच्या फेरीसाठी रांगेत आहे.

---

रोखठोक (२२ सप्टेंबर, सायं. ५:३०)

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून माझा अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धाच. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तंत्र २००१ ला हाती आलं. मग चोवीस वर्षांत किती पिल्लं? बोटावर मोजण्याइतकी. आणि ती सगळी एकाच घरातली. भावाबहिणींची पैदास करून जात वाचते का?

---

गोठ्यातला डॉक्टर (२२ सप्टेंबर, रात्री ८:१०)

प्रश्न रास्त आहे. मोजूनच दाखवतो.

सिनसिनाटीत एमी आणि इपुहची तीन: अंदालास २००१, सुची २००४, हारापान २००७. त्यानंतर अंदालासला २००७ मध्येच सुमात्रात वाय कांबासच्या केंद्रात नेलं. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथे रातू नावाची मादी होती, रान सोडून गावाकडे आलेली. अंदालास-रातूची तीन: आंदातू २०१२, डेलिला २०१६, अंगी सप्टेंबर २०२३. रोझा नावाची दुसरी रानातली मादी, तिने आठ वेळा गाभ टाकला. आठ! आमच्याकडे तिसऱ्यांदा टाकला की शेतकरी बाजार दाखवतो. रोझाला कोणी बाजार दाखवला नाही, आणि मार्च २०२२ ला तिला आंदातूपासून सेदाह मिराह झाली. नोव्हेंबर २०२३ ला डेलिलाला इंद्रा झाला, बाप हारापान.

म्हणजे हारापान डेलिलाचा सख्खा काका. तुमची शंका इथे लागू आहे, नाकारत नाही. वळू एकच फिरवत राहिलं की काय होतं ते आम्ही गावोगाव बघतो. आणि सिनसिनाटीत २०१३ ला तर हारापान-सुची या सख्ख्या भावंडांचाच विचार चालला होता, इतकी टंचाई. पण यावर औषध एकच: नवं रक्त. ते रानातून धरूनच येणार, नाहीतर वीर्य-बीज गोठवून. म्हणजे तुमचा आक्षेपच धरण्याच्या बाजूने उभा राहतो!

---

रोखठोक (२२ सप्टेंबर, रात्री ८:२२)

वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

---

लालबाग लोकल (२२ सप्टेंबर, रात्री ९:००)

आठ वेळा. बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, भांडी घासत राहिली. नंतर म्हणाली, तिचं नाव परत सांग.

---

सह्यवेडा (२२ सप्टेंबर, रात्री ९:४५)

मी मूळ मुद्द्याच्या विरुद्ध बाजूने. ४० धरले, त्यात मेलेल्यांचा हिशोब एका वाक्यात उरकू नका. २००३ साली मलेशियातल्या एका पैदास केंद्रात काही आठवड्यांत पाच गेंडे गेले. एका जागी बंद ठेवले होते म्हणून रोग सगळ्यांना लागला. रानात पाच जण पाच डोंगरांवर असते. तेव्हाच्या हजारभर गेंड्यांत ४० काढणं हीच चूक होती असं मानणारे जंगलातले लोक मूर्ख नाहीत. धरायला पैसा मिळतो, फोटो छापून येतो, आणि जंगल राखायला उरतो तो चिल्लर. जंगल राखलं असतं, तेलताड थोपवला असता, तर धरायची वेळच आली नसती.

---

बिबट्या९८ (२२ सप्टेंबर, रात्री १०:१५)

@सह्यवेडा, तू म्हणतोस तो प्रयोग जावात झालाय ना. जावाचा गेंडा त्या काळात पैदाशीसाठी कोणी धरला नाही, आज जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाही. सगळे उजुंग कुलोन या एकाच अभयारण्यात, म्हणजे सगळं धान्य एकाच कणगीत. समोर क्राकाताऊ ज्वालामुखी. १८८३ च्या स्फोटाच्या लाटेने तो भाग धुऊन नेला होता, आणि २०१८ डिसेंबरच्या त्सुनामीतही लाट आली, वनखात्याची माणसं गेली. गेंडे वाचले ते केवळ पलीकडच्या किनाऱ्याला होते म्हणून.

तरी लोक म्हणायचे, हे जगातलं सर्वांत नीट राखलेलं अभयारण्य, जागोजागी कॅमेरे, आकडा ७०-८० च्या घरात. २०२४ मध्ये शिकारी टोळ्या सापडल्या आणि त्यांनी काही वर्षांत २६ गेंडे मारल्याची कबुली दिली. तीनांतला एक गेंडा! कॅमेरे होते तिथेच. एकाला बारा वर्षांची शिक्षा झाली. व्हिएतनामची उपजात तर २०१० लाच संपली, कात तिएनमध्ये गोळी लागलेला सांगाडा मिळाला, शिंग कापलेलं.

म्हणून "रानात सुरक्षित" हे मी आता डोळे मिटून मानत नाही.

---

जोरहाटी चहा (२३ सप्टेंबर, सकाळी ६:५०)

पहाटे उठून सगळं वाचलं. एक जोडतो.

सुमात्रन गेंडा आपल्याकडेही होता, ईशान्येच्या डोंगरात. १८६८ साली चितगावजवळ एक मादी वाळूत रुतलेली सापडली, तिचं नाव ठेवलं बेगम, ती पुढे लंडनला गेली आणि १९०० पर्यंत जगली. आणि धरलेल्या सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जगात आधी कुठे जन्मलं होतं माहीत आहे? कलकत्त्याला, अलिपूरच्या बागेत, १८८९ ला. रामब्रह्म सान्याल तेव्हा तिथले प्रमुख. सिनसिनाटीच्या अंदालासच्या ११२ वर्षं आधी, सोनोग्राफीशिवाय, संप्रेरकांशिवाय. नर-मादी एकत्र होती आणि खायला बंगालचा पाला होता, एवढंच.

@सह्यवेडा, आसामातल्याच मानस अभयारण्याची आठवण द्यायची राहिली. नव्वदीच्या अशांततेत मानसमधले सगळे गेंडे मारले गेले. सगळे. २००८ पासून पबितोरा आणि काझीरंगातले गेंडे धरून तिथे सोडले, आज तिथे पुन्हा पिल्लं दिसतात. धरणं म्हणजे पिंजरा असंच नाही. पण त्यासाठी धरायला मागे भरपूर असावे लागतात. काझीरंगाने उधार दिले. सुमात्राला उधार द्यायला कोणी नाही.

---

सह्यवेडा (२३ सप्टेंबर, सकाळी ९:३०)

मानसचा मुद्दा मान्य. जंगलाचा मुद्दा मात्र सोडत नाही. इंद्रा मोठा झाल्यावर त्याला सोडायचं कुठे?

---

ओहायोकर (२३ सप्टेंबर, सकाळी ११:१५)

कोणी विचारण्याआधी माझं मत लिहून टाकते. १९८४ ला धरण्यात चूक नव्हती, न शिकता धरण्यात होती. आणि २००१ ला शिकून झाल्यावर न धरण्यात त्याहून मोठी. २००८ च्या सुमारास अडीचशेच्या आसपास असल्याचं म्हणत, २०१३ ला शंभराच्या आत. धरण्यासाठीची मोठी आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली २०१८ ला. त्याच वर्षी बोर्निओत पाहू नावाची मादी धरली. एकटी. तिच्या आसपास नर नाही.

केनियात त्याच २०१८ च्या मार्चमध्ये सुदान गेला, उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यातला शेवटचा नर. आता तिथे नाजिन आणि फातू, आई-मुलगी, दोघीच. शास्त्रज्ञांनी गोठवलेल्या वीर्यापासून गर्भ तयार केलेत आणि दुसऱ्या उपजातीच्या मादीच्या पोटात वाढवायची धडपड चालली आहे. चाचणी म्हणून दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याचाच गर्भ ठेवून पहिली गर्भधारणा झाली, सत्तर दिवसांचा गर्भ होता, पण ती सरोगेट मादीच पुरानंतरच्या जंतुसंसर्गाने गेली. इतक्या टोकाला जाऊन जे करावं लागतंय ते सुमात्रात अजून वड-उंबराचा पाला आणि एक नर एवढ्यावर होऊ शकतं. इतकंच माझं म्हणणं.

@सह्यवेडा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

---

मांडवीकाठ (२३ सप्टेंबर, दुपारी १२:४०)

राहिलेला शेवट.

लिस्बनच्या राजाने तो गेंडा पुढे पोपला भेट म्हणून धाडला. गळ्यात हिरवा मखमली पट्टा बांधून. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं. गेंडे उत्तम पोहतात, ब्रह्मपुत्रा पार करतात, जोरहाटी काका सांगतील. पण डेकवर त्याला साखळ्यांनी जखडलं होतं. तसाच बुडाला.

ओहायोकर ताई, तुमच्या हारापानला नेताना साखळी होती का हो?

---

ओहायोकर (२३ सप्टेंबर, दुपारी १:०५)

नव्हती. पेटीत आपणहून शिरायची सवय आधीपासून लावली होती, आत गेला की पाला मिळायचा. विमानाने जकार्ता, तिथून पेटीसकट बोटीने सुमात्रा. त्याला सांभाळणारा माणूस सोबत होता, आणि वाटेत खायला फायकसची पानं.